समोरच्या गॅलरीतली बाई

मंदाकिनी लवाटे यांनी उमेदीची सगळी वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. ‘नमस्कार, कोण हवंय आपल्याला?’ हे वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं की घरी दाराची कडी वाजली तरी तेच तोंडात यायचं. पुढे बाहेरच्या कंपन्या देशात आल्या, कारखान्याचे मालक बदलले, फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि बाईंच्या पुढ्यात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. “यात स्वेच्छा नक्की कोणाची?” असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब हसले. बाईंनी सही केली.

लग्न राहून गेलं होतं. का, ते विचारणारी माणसंही हळूहळू कमी झाली. भाऊ ठाण्याला, तो दिवाळीला यायचा. सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या आणि आई अशा दोघीच. आई गेल्यावर तिच्या खोलीत एखादी शिकणारी मुलगी ठेवावी म्हणून त्यांनी पेपरात छोटी जाहिरात दिली, तर एका खोलीसाठी फोनवर फोन. त्यांनी एका मुलीला आपल्याकडे ठेवलं आणि उरलेल्यांना गल्लीतल्या ओळखीच्या घरांत जागा लावून दिली. घरमालकांनी आपणहून काहीतरी हातावर ठेवलं. अशा रीतीने मंदाकिनीबाई इस्टेट एजंट झाल्या. आईच्या खोलीतली ती मुलगी वर्षभराने गेली. नंतर मात्र त्यांनी ती खोली कोणाला दिली नाही. माणसाची सवय लागते आणि मग ते जातं, ते नको, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तो सगळा काळ पुण्यात संगणकाचा होता. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या, अकोल्या-अमरावतीपासूनची पोरं नोकरीला येत होती आणि घरं आधी नेटवर बघत होती. बाईंनी टिळक रोडवरच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजची मुलं, त्यात या एकट्या काठापदराच्या साडीत. शिकवणारा त्यांना ‘काकू, जमतंय का?’ असं विचारायचा. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी त्याला फळ्यावरची चूक दाखवली, तेव्हापासून तो ‘मॅडम’ म्हणायला लागला. पुढे संगणकावर मराठी नीट उमटायला लागलं आणि बाईंनी स्वतःची वेबसाइट स्वतःच्या हातांनी उभी केली.

तिच्यावरची वर्णनं इतर एजंटांसारखी नव्हती. ‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याची जागा’ हे शब्द बाईंना चालत नसत. त्या जागा बघायला जायच्या, फोटो काढायच्या, तासभर तिथेच बसायच्या आणि घरी येऊन लिहायच्या: ‘दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. पाणी पहाटे येतं आणि कोणासाठी थांबत नाही. मालक शाकाहारी आहेत आणि तसं ते रोज सांगतात.’ प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलेलं असे, ‘शंका असल्यास फोन करावा. दुपारी एक ते चार करू नये, उचलला जाणार नाही.’

लोक ही पानं वाचायला लागले. घर नको असलेलेही वाचायचे. सिंगापूरला राहणारी अवनी नावाची एक मुलगी दर महिन्याला मेल पाठवायची, ‘काकू, नवीन पान वाचलं, आमच्या पेठेचा वास आला.’ बाई त्या मेलला दोन ओळींचं उत्तर द्यायच्या, पण त्या दोन ओळींवर सबंध सकाळ जायची.

त्यांच्या घरासमोर, अरुंद गल्लीपलीकडे, एक फ्लॅट रिकामा होता. त्याची गॅलरी आणि बाईंची गॅलरी इतक्या जवळ की मधून वाटी देता-घेता यावी. ते काम आलं तेव्हा बाईंनी इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त वेळ घेतला. लिहिलं: ‘स्वयंपाकघराच्या खिडकीला बकुळीची फांदी टेकते. समोरच्या गॅलरीत संध्याकाळी एक बाई चहा घेऊन बसते. हाक मारली तर ओ देते.’

ते वाक्य त्यांनी दोनदा पुसलं आणि पुन्हा लिहिलं. शेवटी ठेवलं. खोटं तर काही नव्हतं.

तो फ्लॅट एका शिकवणीवाल्यांनी घेतला आणि त्यात बाकं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे भरून कुलूप लावलं. बाईंनी पान मात्र काढलं नाही. ‘जागा गेली’ असं वर लिहून तसंच राहू दिलं.

दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यात, भर दुपारी अडीचला, त्यांचा फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी चिडून त्यांनी उचलला.

“वेळ वाचली नाहीत का पानावरची?”

“वाचली, म्हणूनच आत्ता केला,” पलीकडून एक तरुण बाई म्हणाली. आवाज तापलेला होता. “उचलणार नाही असं लिहिणारी व्यक्ती खरंच आहे का, ते बघायचं होतं. मी उत्कर्षा बोलतेय, बिबवेवाडीहून. मॅडम, तुमच्या गॅलरीतल्या बाई कुठं आहेत?”

बाईंना आधी काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. उत्कर्षा आणि तिचा नवरा सुदर्शन दोघंही आयटीत. ती बेंगळुरूहून बदली घेऊन येत होती, म्हणून त्यांनी नेटवर बघून एका एजन्सीमार्फत बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, डिपॉझिटही आधीच भरलं. सामान घेऊन आले तर ना बकुळ, ना गॅलरी. खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. एजन्सीवाले म्हणाले, तो फ्लॅट गेला, हा त्याच्यासारखाच आहे. उत्कर्षाने मग त्या जाहिरातीतलं एक वाक्य जसंच्या तसं नेटवर शोधलं आणि ते तिला मंदाकिनीबाईंच्या वेबसाइटवर सापडलं.

“मी त्यांची कोणी नाही हो,” बाई म्हणाल्या. “ते वाक्य माझं आहे. पण त्यांना मी दिलेलं नाही.”

मग उत्कर्षाचा आवाज उतरला. “आमच्या सासूबाई यायला तयार नव्हत्या. सासरे गेले, तरी त्या गावाकडचं, दारव्ह्याचं घर सोडेनात. मी फोनवर तुमचं ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्याच्यावर आल्या त्या.”

फोन ठेवून बाईंनी एजन्सीची वेबसाइट उघडली. निळ्या-सोनेरी पाट्या, हसणारं कुटुंब, आणि खाली एकामागून एक त्यांचीच पानं. ओट्यावरचं ऊन होतं, शाकाहारी मालक होते. त्यांनी स्टुलावर चढून काढलेले फोटो होते, फक्त खालची त्यांच्या नावाची पट्टी कापलेली. नाव आणि नंबर नेमके काढले होते, पण घाईत ‘दुपारी एक ते चार करू नये’ तसंच राहिलं होतं. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. स्वतःचा आवाज परक्याच्या तोंडून ऐकायची ही पहिलीच वेळ. त्या उठून पाणी प्यायल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. हे कोणाला सांगावं, असा विचार केला तर एकही नाव पुढे येईना. ठाण्याच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, “अगं, तुझं कोणी चोरतंय म्हणजे चांगलंच असणार की!” त्यांनी विषय बदलून भाच्याच्या परीक्षेचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या एजन्सीत गेल्या. मालक तेजस, तिशीचा, गळ्यात ओळखपत्राची दोरी. त्याने कॉफी मागवली.

“मॅडम, नेटवर होतं ना ते. ओपन होतं. आमच्या कंटेंटवाल्या पोरानं उचललं असणार. तुमचं लिखाण बाकी एकदम युनिक आहे हां.”

“खाली तुमची गाडी उभी आहे, तीही ओपनच आहे. बरी दिसते. मी घेऊन जाते.”

तेजस हसला, पण कॉफीचा कप त्याने टेबलावर ठेवून दिला. “असं करू या, तुम्ही आमच्यासाठीच लिहा. महिन्याचं ठरवून टाकू. फोटो पाठवतो, घरबसल्या लिहायचं. जागेवर जायचीसुद्धा गरज नाही.”

“जागेवर न जाता काय लिहू? खिडकीसमोर भिंत आहे की माणूस, हे मला कसं कळणार?”

“ते कोण वाचतं मॅडम? लोक एरिया बघतात, रेट बघतात.”

“बिबवेवाडीतल्या एका सासूबाईंनी वाचलं,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. कॉफी तशीच राहिली.

शिवाजीनगर कोर्टाजवळ वकील ज्ञानदेव शिळीमकर बसायचे. भाडेकराराच्या कामांमुळे त्यांची ओळख होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “बाई, घराची माहिती कोणाच्या मालकीची नसते. दोन खोल्या, तिसरा मजला, हे कोणीही लिहील. पण ते ज्या शब्दांत तुम्ही मांडलंत ते शब्द तुमचे. लिहिलेत त्या क्षणापासून हक्क तुमचाच. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, पण केलेली बरी. आधी तुम्ही लिहिलंत, हे दाखवता येईल?”

त्यांना दाखवता आलं. फोटोंच्या मूळ प्रती कॅमेऱ्यातून उतरवलेल्या तशाच होत्या, तारखांसकट. शिळीमकरांनी एजन्सीला नोटीस धाडली आणि ती वेबसाइट ज्या कंपनीच्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेली होती त्या कंपनीलाही इंग्रजीत पत्र पाठवलं. शिवाय, फसलेल्या ग्राहकाचा जबाब असला तर जोर येईल, असं म्हणाले. त्यासाठी रविवारी बाई आपली स्कूटी काढून बिबवेवाडीला गेल्या.

दार उघडलं ते वेणूबाईंनी, म्हणजे उत्कर्षाच्या सासूबाईंनी. सुदर्शन आणि उत्कर्षाला रविवार असूनही ऑफिसमधून बोलावणं आलं होतं. ती तासाभरात येईल, असा निरोप होता. वेणूबाई बुटक्या, सावळ्या, डोक्यावर पदर. घरात नवं फर्निचर, टीव्ही लावलेला पण आवाज बंद. बाई स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. खिडकीबाहेर खरोखरच भिंत होती, करडी, प्लास्टर न केलेली. खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

“इथं बसता?”

“हाव. सवय पडली आता.” वेणूबाईंनी चहाचं आधण ठेवलं. “मले सुनेनं सांगतलं होतं का समोर बाई बसते म्हणून, हाक मारली तं बोलते म्हणून. मी तिच्यासाठी सांडगे आणले होते दारव्ह्याहून. पहिल्या दिवशी मले वाटलं, भिंतीपल्याड असन. मंग समजलं.” त्या जराशा हसल्या. “तुमी कोन व्हय?”

मंदाकिनीबाईंनी कारखान्यात एका वेळी कितीतरी फोन सांभाळले होते, पण असा प्रश्न आला नव्हता.

“ती बाई मीच,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी सदाशिव पेठेत राहते. तिथं बसते.”

वेणूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग गॅस बारीक केला, डब्यातून सांडगे काढले आणि कढई ठेवली. “मंग बसा नं बाप्पा,” एवढंच म्हणाल्या.

उत्कर्षा आली तेव्हा दोघी चहा संपवून बसल्या होत्या आणि वेणूबाई नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्याचं सांगत होत्या. सुनेने हे कधी ऐकलं नव्हतं. ती दारातच चप्पल न काढता उभी राहिली.

जबाब मिळाला, नोटिसा पोचल्या. त्या यंत्रवाल्या कंपनीने पत्र आल्यावर एजन्सीची ती सगळी पानं खाली उतरवली. तेजसने वकिलामार्फत दोन ओळींची दिलगिरी पाठवली. महिन्याभरात त्याच्या वेबसाइटवर नवी वर्णनं आली, ‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याची जागा’. शिळीमकर म्हणाले, “जिंकलात बाई.” बाई पेढे घेऊन त्यांच्याकडे गेल्या. उरलेले घरी आणले आणि ते वाळेपर्यंत फ्रीजमध्ये राहिले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यांनी वेबसाइटला कडीकुलूप घातलं. प्रत्येक फोटोवर आडवं, फिकट अक्षरांत नाव. तळाशी हक्काची ओळ. माउसचं उजवं बटण दाबलं तर ‘नक्कल करू नये’ अशी पाटी उघडायची. आठ-पंधरा दिवसांनी अवनीचा मेल आला: ‘काकू, मी तुमची वाक्यं उचलून बाबांना पाठवायचे, त्यांना संगणक उघडता येत नाही म्हणून. आता उचलता येत नाहीत. आणि फोटोवर नाव इतकं मोठं की मागचं घर दिसत नाही.’ बाईंनी उत्तर लिहिलं, ‘नाइलाज आहे.’ त्यानंतर अवनीचे मेल लांबत गेले आणि कधीतरी थांबले. ती घरी परतली असेल, संसारात पडली असेल, असं बाईंनी धरून चाललं.

समोरच्या फ्लॅटचं पान मात्र त्यांनी स्वतःच काढून टाकलं. ते दुसऱ्या कोणी वाचावं असं आता त्यांना वाटेना.

बिबवेवाडीचा करार अकरा महिन्यांचा होता, मोडता येत नव्हता. तोवर बाई दर गुरुवारी स्कूटीवरून वेणूबाईंकडे जायच्या. दोघींत बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. एकीने रोज शेत आणि माणसं पाहिलेली, दुसरीने नुसते आवाज ऐकलेले. पण वेणूबाई भाकरी थापायच्या, बाई लसूण सोलायच्या आणि टीव्ही बंद असायचा. एकदा बाईंनी त्यांना आपल्या घरी आणलं. वेणूबाई गॅलरीत बसल्या, समोर बाकांनी भरलेली खोली पाहिली, गल्लीतून जाणारी मुलं पाहिली.

“तुमाले इथं कोनी हाक मारते का?” त्यांनी विचारलं.

“पोस्टमन मारतो. मनीऑर्डर असली तर.”

वेणूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईंच्या हातावर नुसता हात ठेवला आणि बाईंना तो काढून घ्यावासा वाटला नाही.

करार संपला तशा वेणूबाई गावी गेल्या, त्या कायमच्या. मुलाने फार आग्रह केला नाही. त्याला आता परदेशी जायचं होतं. स्टेशनवर त्या खिडकीतून म्हणाल्या, “या नं दारव्ह्याले. महिनाभर राहा.” बाई म्हणाल्या, “येते.”

आणि खरंच गेल्या. पुढच्या वर्षी, मार्गशीर्षात. आठ दिवसांचे कपडे भरले, चितळ्यांची बाकरवडी घेतली, रात्रभर रेल्वे आणि मग धामणगावहून एसटी. वेणूबाईंच्या घराला मोठं अंगण होतं आणि अंगणात माणसं होती. जावा, पुतणसुना, वाती वळायला आलेल्या इंदुबाई नावाच्या म्हाताऱ्या शेजारीणबाई, तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या पोरी. वेणूबाई त्यांच्यात इकडून तिकडे नुसत्या धावत होत्या, आवाज चढलेला, पदर खोचलेला. पुण्यातली ती खिडकीपाशी बसणारी बाई मंदाकिनीबाईंना या वेणूबाईंमध्ये शोधूनही सापडेना.

सगळ्यांनी त्यांचं भरभरून केलं. “ह्या आमच्या पुण्याच्या गॅलरीतल्या बाई,” अशी ओळख करून दिली आणि ती गोष्ट वेणूबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितली. आता ती हसण्याची गोष्ट झाली होती. भिंतीपल्याड बाई असेल म्हणून मी सांडगे घेऊन बसले, असं त्या सांगायच्या आणि अंगण खदखदून हसायचं. मंदाकिनीबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओसरीवर बसल्या होत्या आणि कोणालाच त्यांच्यासाठी वेळ नव्हता, तसा तो असण्याचं कारणही नव्हतं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की एकटं पडणं हा वेणूबाईंसाठी एक आजार होता. पुण्यात जडला, घरी येऊन बरा झाला. आपण त्या आजारात भेटायला जाणारी बाई होतो.

त्या तिसऱ्या दिवशीच निघाल्या.

“एवढ्या लौकर कायले?” वेणूबाईंचा चेहरा खरोखर पडला.

“कामं आहेत हो. सीझन आहे.”

वेणूबाईंनी पिशवी भरून तूर दिली आणि एसटी हलेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. मग कोणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या वळल्या.

पुण्यात परतल्यावर दोन दिवसांनी कसबा पेठेतून एक काम आलं. दोन खोल्या, मागच्या बाजूला तांबटांची ठोकठोक. मंदाकिनीबाई कॅमेरा घेऊन गेल्या, नळ सोडून पाहिला, उन्हाची दिशा पाहिली. मग मालकांना म्हणाल्या, “शेजारी कोण राहतं?”

“राहतात कोणीतरी,” मालक म्हणाले. “तुम्हाला काय करायचंय?”

“लिहायचंय.”

मालकांनी खांदे उडवले. बाई बाहेर आल्या आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवली. आतून पावलं आली, दाराच्या फटीतून एका म्हाताऱ्या गृहस्थाने पाहिलं. “कोण हवंय?” त्याने विचारलं.

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “आपण इथं असता का, एवढंच विचारायचं होतं.”

“असतो की. कुठं जाणार?”

त्याने दार लावलं नाही, उघडलंही नाही. बाई क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या, मग नमस्कार करून जिना उतरल्या. संध्याकाळी पान तयार झालं. फोटोवर नाव घातलं, खाली हक्काची ओळ टाकली. शेजाऱ्यांविषयी लिहिलं, ‘शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. घंटा वाजवली तर दार थोडं उघडतात.’ मग संगणक बंद करून त्यांनी दारव्ह्याच्या तुरीचं वरण लावलं, एकीला पुरेल एवढं.